दहा नॅनोसेकंदांचा निवाडा

मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या नौदल वसाहतीपलीकडे, जेथे रस्ता संपून समुद्र सुरू होतो, तेथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात १९८८ पासून एक त्वरकयंत्र काम करीत आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था या उभयतांच्या या यंत्रास पेलेट्रॉन म्हणतात. उंच पोलादी टाकीत, विद्युद्रोधक वायूच्या दाबाखाली, नायलॉनच्या दुव्यांनी जोडलेल्या धातूच्या लहान नळकांड्यांची साखळी अखंड फिरत असते. ती विद्युद्भार वाहून नेते, आणि टाकीच्या मध्यभागातील अग्रावर १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंतचा दाब साचू शकतो. ऋण आयन त्या अग्राकडे ओढले जातात, तेथे कार्बनच्या अतितलम पापुद्र्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन गळून पडतात, आणि आता धन झालेले तेच आयन त्याच दाबाने दूर ढकलले जाऊन दुसऱ्यांदा गती घेतात. शिशाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या अनुनादकांचा, येथेच विकसित केलेला अतिसंवाहक रेषीय त्वरक त्यांना पुढे आणखी ऊर्जा देतो. या लेखाचा विषय मात्र हा सारा राजमार्ग जेथे संपतो त्याच्याही पुढे, डिटेक्टरमधून निघणाऱ्या केबलच्या दुसऱ्या टोकाला सुरू होतो.

आयनांचा झोत एका अतिशय पातळ धातूच्या पत्र्यावर आदळतो. त्यांतील फार थोडे आयन पत्र्यातील अणुगर्भांशी एकजीव होतात, आणि त्यातून निपजलेला नवा अणुगर्भ तप्त असतो, स्वतःभोवती प्रचंड वेगाने फिरत असतो. प्रथम तो काही न्यूट्रॉन टाकून देतो. मग उरलेली ऊर्जा आणि परिवलन सोडीत, पातळीमागून पातळी उतरताना, गॅमा किरणांची एक मालिकाच बाहेर टाकतो. प्रत्येक किरणाची ऊर्जा हे दोन पातळ्यांमधील अंतर असते, आणि कोणकोणते किरण एकाच घटनेत बरोबर आले याचा मेळ घातला म्हणजे त्या अणुगर्भाची सबंध रचना, तो गोल आहे की लांबट, तो फिरताना त्याच्यातील प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकमेकांशी कसे वागतात, हे कागदावर मांडता येते. या कामासाठी देशातील अनेक संस्थांनी आणि विद्यापीठांनी आपापले डिटेक्टर एकत्र करून ‘इंडियन नॅशनल गॅमा ॲरे’ ही सामाईक व्यवस्था उभी केली. ती मुंबई, दिल्ली आणि कोलकाता येथील त्वरकांवर आळीपाळीने मांडली जाते. कुलाब्याच्या मांडणीत चोवीस क्लोव्हर डिटेक्टरांची तजवीज केली गेली: झोताच्या दिशेशी २३, ४०, ६५, ११५, १४० आणि १५७ अंशांवर प्रत्येकी तीन, आणि ९० अंशांवर सहा. प्रत्येक क्लोव्हरमध्ये अतिशुद्ध जर्मेनियमचे चार स्फटिक एकाच आवरणात अगदी जवळजवळ बसविलेले असतात, म्हणजे एकूण ९६ स्फटिक, आणि म्हणून ९६ केबली.

द्रव नायट्रोजनने थंड ठेवलेल्या जर्मेनियममध्ये इलेक्ट्रॉन व पोकळी यांची एक जोडी निर्माण होण्यास सरासरी तीन इलेक्ट्रॉनव्होल्टहून किंचित कमी ऊर्जा लागते. कोबाल्ट-६० या नेहमीच्या स्रोतातून निघणारा १३३२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा किरण स्फटिकात पूर्णपणे शोषला गेला, तर सुमारे साडेचार लाख जोड्या निर्माण होतात. एवढ्याशा विद्युद्भाराची मोजदाद दोन हजारांत तीन भागांपर्यंत अचूक व्हावी, म्हणजे १३३२ च्या शिखराची रुंदी सुमारे दोन किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट राहावी, अशी अपेक्षा असते. कारण शेजारशेजारच्या दोन ऊर्जा वेगळ्या दिसल्या नाहीत तर सारा मेळच फसतो. स्फटिकाशी लगटून बसविलेला पूर्वप्रवर्धक या भाराचे रूपांतर एका विद्युत्‌संकेतात करतो. हा संकेत काही शे नॅनोसेकंदांत झपकन वर चढतो आणि मग सुमारे पन्नास मायक्रोसेकंदांच्या क्षयकालाने हळूहळू ओसरतो. किरणाची ऊर्जा त्या चढाच्या उंचीत असते. भौतिकशास्त्रज्ञाला हवी असलेली सारी माहिती एवढ्या एका रेषेत आलेली असते. ती तिच्यातून काढून घेणे हेच काम.

अनेक दशके हे काम अनुरूप, म्हणजे ॲनालॉग, परिपथांनी केले. निम पद्धतीच्या चौकटींत बसविलेले प्रवर्धक, भेददर्शक, विलंबपेट्या, एकाच वेळी आलेले संकेत ओळखणारे कोइन्सिडन्सचे विभाग, त्यांच्यामधून धावणाऱ्या शेकडो केबली, आणि मापे वाचून संगणकाकडे पोचविणारे कॅमॅक पद्धतीचे क्रेट, असा तो संभार असे. प्रत्येक स्फटिकाच्या प्रवर्धकावर एक लहानसा स्क्रू असे. ऑसिलोस्कोपवर संकेताची शेपटी पाहत पाहत स्क्रूड्रायव्हरने तो फिरवून ती शेपटी शून्यावर सपाट आणावी लागे, आणि तपमान बदलले की पुन्हा हात लावावा लागे. कॅमॅकचा एक आदेश पुरा होण्यास एक मायक्रोसेकंद लागतो. एका घटनेचे शंभरएक आकडे वाचावयाचे म्हटले तर तेवढ्या अवधीत यंत्रणा बहिरी होते, आणि त्या काळात आलेला किरण कोणाच्याही दप्तरी दाखल होत नाही. त्या पिढीने या साधनांवर जे काम केले त्याविषयी मला अत्यंत आदर आहे. केबल किती फूट लांब ठेवली म्हणजे दोन संकेत एकाच क्षणी कोइन्सिडन्समध्ये पोचतील हे ज्यांच्या बोटांना ठाऊक होते, त्यांच्याच ज्ञानावर पुढची अंकीय व्यवस्था उभी राहिली आहे.

अंकीय व्यवस्थेचा मूळ विचार सरळ आहे. संकेताला आकार देण्याच्या भानगडीत न पडता तो पूर्वप्रवर्धकातून निघाल्याबरोबर डिजिटायझरला द्यावयाचा, आणि त्याची उंची ठरावीक ठोक्यागणिक मोजून आकड्यांच्या रूपात उतरवून घ्यावयाची. पुढचे सारे काम गणिताचे. कुलाब्याच्या व्यवस्थेत हे मोजमाप सेकंदाला दहा कोटी वेळा, म्हणजे दर दहा नॅनोसेकंदांनी, बारा बिटांच्या अचूकतेने होते. बारा बिट म्हणजे ४०९६ पायऱ्या, आणि एवढ्या पायऱ्यांत दोन हजारांत तीन भागांची अचूकता कशी मिळेल, अशी शंका रास्त आहे. उत्तर असे, की किरणाची ऊर्जा एकाच मोजमापावर ठरविली जात नाही: चढाच्या आधीची काही शे मोजमापे आणि नंतरची काही शे मोजमापे यांच्या सरासरीतील फरक घेतला जातो, आणि संकेतात नैसर्गिक गोंगाट असल्यामुळे या सरासरीतून एका पायरीहूनही पुष्कळ सूक्ष्म माप हाती येते. चारशे मोजमापांची सरासरी घेतली की सुटा गोंगाट विसाव्या हिश्शावर येतो.

अडचण निराळीच आहे. दहा कोटी मोजमापे, प्रत्येक बारा बिटांचे, म्हणजे एका केबलीवरून सेकंदाला पंधरा कोटी बाइट. ९६ केबलींचा हिशेब केला तर सेकंदाला १४ अब्जांहून अधिक बाइट, आणि प्रयोग चोवीस तास चालला तर एका दिवसात १२०० टेराबाइटांच्या वर मजकूर जमा होईल. झोत वापरण्याचा अवधी, म्हणजे बीमटाइम, तर एकेका गटाला कित्येक दिवसांचा मिळतो. एवढा मजकूर साठविणे आणि मग चाळणे हा व्यवहार्य मार्ग नाही. शिवाय त्यातील बहुतेक मजकूर काहीही न घडल्याचाच असणार. तेव्हा निवाडा आकडा जन्मास येतो त्याच जागी, पुढचा आकडा येण्यापूर्वी, झाला पाहिजे. सामान्य संगणकाच्या प्रक्रियकाला, तो कितीही वेगवान असला तरी, ही हमी देता येत नाही, कारण तो एका वेळी थोडी कामे करतो आणि मध्येच दुसऱ्या कामाकडे वळतो. येथे हवे ते असे यंत्र, ज्यात बेरजेसाठी वेगळा परिपथ, वजाबाकीसाठी वेगळा, तुलनेसाठी वेगळा, आणि सारेच्या सारे प्रत्येक ठोक्याला एकदम चालतात.

असे यंत्र म्हणजे एफपीजीए. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या झायलिंक्स या अमेरिकन कंपनीने १९८५ मध्ये एक्ससी-२०६४ ही पहिली चिप बाजारात आणली. तिचे जनक रॉस फ्रीमन. त्या चिपमध्ये तर्काचे अवघे ६४ गट होते. कल्पना अशी, की सिलिकॉनवर लहान लहान तर्कगट आणि त्यांना जोडणाऱ्या तारांचे जाळे आधीच कोरून ठेवावे, पण कोणता गट काय करील आणि कोणती तार कोठे जोडली जाईल हे कारखान्यात न ठरविता वापरणाऱ्यावर सोपवावे. आज या चिपमध्ये लक्षावधी गट असतात, गुणाकाराचे स्वतंत्र विभाग असतात, स्मृतीचे कप्पे असतात. व्हीएचडीएल किंवा व्हेरिलॉग या भाषांतून लिहिलेला मजकूर तीत भरला म्हणजे त्या मजकुराचा परिपथ तयार होतो. ही आज्ञावली एकामागून एक वाचून पाळली जाण्याची नाही. ती वाचून चिप स्वतःच त्या घडणीची होते. या घडणीला फर्मवेअर म्हणतात, आणि अणुगर्भविज्ञानातील आजचा निवाडा प्रथम तेथे होतो.

*

तो निवाडा कसा होतो हे एकदा अगदी जवळून पाहणे इष्ट आहे. मिशिगन विद्यापीठातील व्हॅलेंटिन जोर्दानोव्ह आणि ग्लेन नोल यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेली रीत आज जगभरच्या डिजिटायझरांत वापरली जाते. चिपकडे आकड्यांची अखंड ओळ येत आहे असे समजा. प्रत्येक ठोक्याला तीतून चार आकडे उचलावयाचे: आत्ताचा, ५०० ठोक्यांपूर्वीचा, ६०० ठोक्यांपूर्वीचा आणि ११०० ठोक्यांपूर्वीचा. पहिला आणि शेवटचा मिळवावयाचे, मधले दोन वजा करावयाचे. आलेले उत्तर एका संचायकात जमा करावयाचे. त्या जमेत तेच उत्तर एका ठरावीक गुणकाने गुणून मिळवावयाचे. आणि ही बेरीज दुसऱ्या संचायकात जमा करावयाची. संपले. तीन बेरजा-वजाबाक्या, एक गुणाकार, पुन्हा तीन बेरजा. एवढ्या अंकगणिताने, झपकन चढून हळूहळू ओसरणारा तो वाकडा संकेत समलंब चौकोनाच्या आकाराचा होतो: पाच मायक्रोसेकंद सरळ चढ, एक मायक्रोसेकंद सपाट माथा, पाच मायक्रोसेकंद सरळ उतार, आणि मग शून्य. माथ्याची उंची म्हणजे किरणाची ऊर्जा.

माथा सपाट ठेवण्याचे कारण स्फटिकात आहे. किरण स्फटिकाच्या कोणत्या भागात शोषला गेला त्यानुसार भार गोळा होण्यास कधी शंभर, कधी तीनचारशे नॅनोसेकंद लागतात. माथा टोकदार असता तर सावकाश गोळा झालेल्या भाराची ऊर्जा कमी भरली असती. एक मायक्रोसेकंदाची सपाटी ही त्या उशिरा येणाऱ्यांसाठी दिलेली मुदत आहे. गुणकाचे कारण मात्र संकेताच्या शेपटीत आहे. क्षयकाल पन्नास मायक्रोसेकंद आणि ठोका दहा नॅनोसेकंदांचा असेल तर तो गुणक सुमारे ५००० येतो. तो यत्किंचित चुकला की समलंब चौकोन शून्यावर न येता किंचित वर किंवा खाली तरंगत राहतो, आणि त्यामागून येणाऱ्या किरणाची उंची त्या तरंगत्या पायावरून मोजली जाते. पूर्वी स्क्रूड्रायव्हरने जे साधले जाई ते आज या एका आकड्याने साधले जाते, आणि ९६ स्फटिकांसाठी तो आकडा वेगवेगळा असतो. किरणांची गर्दी कमी असताना हा दोष लपून राहतो, शिखर देखणे दिसते. बीम वाढविला की त्याच शिखराला एका बाजूस शेपूट फुटते. म्हणून प्रयोगापूर्वीची चाचणी मंद स्रोतावर उरकणे हे काम टाळण्यासारखेच आहे.

गर्दीचा हा प्रश्न सर्वांत कठीण. देवळातली घंटा एकाने वाजविली आणि तिचा नाद विरण्यापूर्वी दुसऱ्याने टोल दिला, तर दुसरा टोल किती जोराचा होता हे नुसत्या कानाने सांगणे अवघड जाते. जर्मेनियमच्या स्फटिकाची स्थिती तशीच असते. एका स्फटिकावर सेकंदाला दहा हजार किरण येत असतील तर त्यांच्यातील सरासरी अंतर शंभर मायक्रोसेकंद भरते खरे, पण किरण वेळापत्रक पाळून येत नाहीत. एखाद्याच्या मागे किंवा पुढे सहा मायक्रोसेकंदांच्या आत दुसरा किरण येण्याचा संभव शंभरात अकराच्या आसपास निघतो. अशा दोन किरणांचे समलंब चौकोन एकमेकांवर चढतात आणि माथ्याची उंची खोटी ठरते. यासाठी चिपमध्ये दुसरी, फार आखूड मुदतीची गाळणी पहिलीबरोबरच चालत असते. तिला ऊर्जा नीट मोजता येत नाही, पण शंभरएक नॅनोसेकंदांच्या अंतराने आलेले दोन किरण दोन आहेत एवढे ती निश्चित सांगते. आणि तिने तसे सांगितले की मोठ्या गाळणीचा आकडा रद्दबातल होतो. याला पाइल-अप काढून टाकणे म्हणतात. ही बरखास्ती चिप बिनतक्रार, सेकंदाला हजारो वेळा करीत असते.

आता त्या दोन संचायकांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण या विद्येचे सारे कसब मला तेथे दिसते. संचायक काहीही विसरत नाही. आज सकाळी त्यात मिळविलेला आकडा कोणी वजा केला नाही तर तो आठवडाभर तेथेच राहील. जोर्दानोव्ह आणि नोल यांच्या रीतीत मिळविलेला प्रत्येक आकडा काही ठोक्यांनंतर तंतोतंत तेवढाच वजा होतो, म्हणून ती चालते. परंतु ही तंतोतंतता पूर्णांकांच्या अंकगणितातच टिकते. जागा वाचविण्यासाठी मध्येच कोणी शेवटचे दोन बिट छाटले, किंवा दशांशाचे अंक वापरून सोयीस्कर जवळपास आणले, तर प्रत्येक ठोक्याला अणुमात्र बाकी राहते, सेकंदाला दहा कोटी वेळा राहते, आणि काही वेळातच सारा पाया सरकू लागतो. म्हणून बिटांचा हिशेब आधी मांडावा लागतो. बारा बिटांचा आकडा, ५०० ठोक्यांची बेरीज, ५००० चा गुणक: शेवटच्या संचायकाला चिन्ह धरून ३५ बिट लागतात, एकही कमी चालत नाही. शिवाय हा सारा व्यवहार दहा नॅनोसेकंदांत एका नोंदघरातून पुढच्या नोंदघरात पोचला पाहिजे. लांब बेरजेतील हातचा शेवटच्या बिटापर्यंत वेळेत पोचला नाही तर उत्तर चुकते, आणि कोणतीही घंटा वाजत नाही. फर्मवेअर लिहिणारे ती बेरीज तुकड्यांत विभागतात, प्रत्येक तुकडा एकेका ठोक्याला पुरा करतात, आणि उत्तर काही ठोके उशिरा मिळाले तरी दर ठोक्याला एक उत्तर बाहेर पडत राहील असा बंदोबस्त करतात. संगणकाला ही रचना चिपवर बसवून देण्यास कित्येक तास लागतात. ती बसली की मग तीत उशीर म्हणून होत नाही. अशा घडणीपुढे मी नतमस्तक होतो.

*

कुलाब्याच्या अंकीय व्यवस्थेचे वर्णन रुद्रज्योती पालित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. तीत कॅलिफोर्नियातील एक्सआयए या कंपनीची पिक्सी-१६ नावाची मॉड्यूले वापरलेली आहेत. एकेक मॉड्यूल सोळा केबली सांभाळते. सहा मॉड्यूलांत ९६ स्फटिक सामावतात. मॉड्यूलवरील एफपीजीए दोन्ही गाळण्या चालवितात, किरण आला की त्याच्या वेळेची नोंद करतात, पाइल-अप तपासतात; शेवटचा ऊर्जेचा आकडा शेजारचा संकेतप्रक्रियक काढतो. क्लोव्हरभोवती बिस्मथ जर्मनेटचे कवच असते. स्फटिकात अर्धवट ऊर्जा सोडून निसटलेला किरण त्या कवचात सापडला की त्या क्षणीचा जर्मेनियमचा आकडा बाद करावयाचा, हा हुकूमही डिजिटायझरातच अमलात येतो. उलट, एका स्फटिकातून उडालेला किरण शेजारच्याच स्फटिकात शोषला गेला असेल तर त्या दोहोंच्या ऊर्जांची बेरीज करून मूळ किरण परत मिळविला जातो.

या व्यवस्थेने आणलेला सर्वांत मोठा बदल वेळेच्या नोंदीत आहे, असे माझे मत आहे. पूर्वी कोइन्सिडन्सची खिडकी प्रयोगापूर्वीच ठरवावी लागे: समजा, शंभर नॅनोसेकंदांत दोन किरण आले तरच घटना नोंदवावयाची. परंतु काही अणुगर्भ एखाद्या पातळीवर मायक्रोसेकंद अडून राहतात, आणि मग खाली उतरतात. शंभर नॅनोसेकंदांच्या खिडकीला तो उशिरा आलेला किरण आधीच्या किरणांचा सोबती आहे हे कधीच कळत नाही. प्रत्येक किरणावर वेळेचा शिक्का मारून तो ट्रिगरविना एकटाच साठविला, तर खिडकी किती रुंद ठेवावी हा प्रश्न प्रयोगानंतर, फुरसतीने, पुन्हा पुन्हा निराळ्या रीतीने सोडविता येतो. टाटा संस्थेत तयार झालेली मार्कोस ही आज्ञावली वेळेच्या शिक्क्यांवरून हा मेळ घालते आणि गॅमा-गॅमा तक्ता तयार करते. म्हणजे निवाड्याचा एक मोठा भाग चिपच्या अखत्यारातून निघून माणसाकडे परत आला.

हे महत्त्वाचे का, याचा एक दाखला अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत २००६ मध्ये मिळाला. कथील-१०० हा अणुगर्भ पन्नास प्रोटॉन आणि पन्नास न्यूट्रॉन यांचा, दोन्ही परींनी पूर्ण भरलेला, आणि म्हणून सिद्धान्ताच्या दृष्टीने अमोल. त्याच्या शेजारच्या प्रदेशात झेनॉन-१०९ हा अणुगर्भ अल्फा कण टाकून टेल्युरियम-१०५ होतो, आणि टेल्युरियम-१०५ सुमारे ६२० नॅनोसेकंदांच्या अर्धायुष्यात दुसरा अल्फा कण टाकून कथील-१०१ होतो. दोन अल्फा एकाच डिटेक्टरात, एका मायक्रोसेकंदाच्या आतबाहेर: म्हणजे सर्वसामान्य नियमाप्रमाणे केवळ पाइल-अप, केराच्या टोपलीत टाकण्याचा माल. पण तेथील संशोधकांनी नेमके अशा एकावर एक चढलेल्या संकेतांचे पूर्ण ट्रेस, म्हणजे मोजमापांची सबंध ओळ, जपून ठेवण्याचा हुकूम डिजिटायझरला देऊन ठेवला होता. त्या ट्रेसमध्ये एकाच रेषेवर दोन चढ दिसले, आणि दोन्ही अणुगर्भांचा शोध एकदमच लागला. गॅमा किरणांच्या प्रयोगात जो नियम प्रामाणिकपणाचा, तोच नियम या प्रयोगात आंधळा ठरला असता.

चिपने टाकून दिलेल्या आकड्याला अपील नाही. साठविलेल्या मजकुराची फेरतपासणी वीस वर्षांनंतरही होऊ शकते. दहा नॅनोसेकंदांत पुसला गेलेला आकडा अस्तित्वातच नव्हता असे होते. म्हणून काय टाकावयाचे हा निर्णय मला भौतिकशास्त्राचा निर्णय वाटतो, आणि तो भौतिकशास्त्रज्ञाने समजून उमजून घेतला पाहिजे असा माझा आग्रह आहे. बाजारात मिळणाऱ्या मॉड्यूलांबरोबर तयार फर्मवेअर येते. ते बहुधा उत्तम असते, जगभर तपासलेले असते, आणि त्याच्या आधारे आपल्या देशात फार मोलाचे काम झाले आहे. परंतु ते मोहरबंद असते. त्यात संख्या भरता येतात, पोटात काय चालले आहे ते पाहता येत नाही. ज्याला कथील-१०० च्या शेजारचा प्रदेश धुंडाळावयाचा आहे त्याला कोणत्या संख्या भरावयाच्या हे पुरे पडत नाही. गाळणीच बदलावी लागते, आणि त्यासाठी ती लिहिता यावी लागते. वापरणाऱ्याला आपली रचना भरू देणारी मॉड्यूलेही आज मिळतात. उणीव आहे ती अणुगर्भ आणि परिपथ या दोहोंची भाषा सारख्याच सहजतेने जाणणाऱ्या माणसांची.

अशी माणसे महाराष्ट्रात घडू शकतात, याला पुणे जिल्ह्यातच पुरावा आहे. नारायणगावजवळ खोडद येथे टाटा संस्थेच्याच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय मीटरतरंग दुर्बीण आहे. तिच्या सुधारित अवतारात प्रत्येक तबकडीचा संकेत एफपीजीएच्या फलकांवरूनच आत येतो. विजेच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्यांमुळे आकाशाच्या मंद संकेतात जे तडाखे बसतात ते तेथल्या तेथे ओळखून वगळण्याची रचना तेथील अभियंत्यांनी स्वतः एफपीजीएमध्ये बसविली. तडाखा कोणता हे ठरविण्यासाठी ते सरासरीचा आधार घेत नाहीत, मध्यकाचा घेतात, कारण सरासरी स्वतःच तडाख्याने बिघडते. मध्यक काढण्यासाठी आकडे क्रमाने लावावे लागतात, आणि वाहत्या ओळीत ते प्रत्येक ठोक्याला करणे हे बेरजेपेक्षा पुष्कळ कठीण. प्रश्न निराळा, विद्या एकच.

न्यूट्रॉन मोजणाऱ्या द्रव प्रस्फुरकांतही तीच. तेथे जर्मेनियमसारखी ऊर्जेची बारकाई नसते, वेग असतो. संकेत काही दशक नॅनोसेकंदांत संपतो, म्हणून मोजमापे सेकंदाला पन्नास कोटी किंवा त्याहून अधिक घ्यावी लागतात. न्यूट्रॉनने हलविलेला प्रोटॉन आणि गॅमा किरणाने हलविलेला इलेक्ट्रॉन या दोहोंच्या प्रकाशाच्या शेपटीची लांबी वेगळी असते. चिप प्रत्येक संकेताची एक आखूड बेरीज आणि एक लांब बेरीज काढते, आणि त्यांच्या गुणोत्तरावरून कोण आला ते सांगते.

या साऱ्याला धोका खुद्द किरणोत्सर्गाचाही आहे. एफपीजीएची घडण स्मृतीतील बिटांवर टिकलेली असते. एखाद्या भरकटलेल्या न्यूट्रॉनने त्यातील एक बिट उलटविला तर एखादी तार तुटल्यासारखी किंवा भलतीकडे जोडल्यासारखी होते. म्हणून झोताच्या जवळ ठेवावयाच्या चिपांना आपली घडण पुन्हा पुन्हा तपासून दुरुस्त करण्याची सोय करून द्यावी लागते.

दोन्ही भाषा जाणणारी माणसे घडवावयाची तर सुरुवात वर्गातच व्हावी लागेल. आपल्या विद्यापीठांच्या एम.एस्सी. प्रयोगशाळांत सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर आणि कोबाल्टचा दुबळा स्रोत असतो; शेजारी एक तयार पेटी असते, तिचे बटण दाबले की संगणकाच्या पडद्यावर शिखरे दिसतात, आणि विद्यार्थी ती मोजून वहीत उतरवितो. त्या पेटीच्या जागी रेड पिटाया यासारखा फलक ठेवावा, असे मला फार दिवस वाटत आले आहे. त्यावर सेकंदाला साडेबारा कोटी मोजमापे घेणाऱ्या, चौदा बिटांच्या दोन वाटा असतात, आणि एफपीजीए व प्रक्रियक एकाच चिपमध्ये असतात. विद्यार्थ्याने वर सांगितलेले चार आकडे स्वतः उचलावेत, संचायकाचे बिट स्वतः मोजावेत, एकदा मुद्दाम दोन बिट छाटून पाया सरकताना पाहावा. सोडियम आयोडाइडचा संकेत लवकर संपतो, तेव्हा त्याला क्षयकाल आणि मुदती दोन्ही नव्याने ठरवाव्या लागतील, ते चांगलेच. ११७३ आणि १३३२ ची दोन शिखरे दिसली की स्रोत डिटेक्टराला अगदी चिकटवून ठेवावा. आता २५०५ च्या आसपास तिसरे, लहान शिखर उभे राहील. पाइल-अपची गाळणी कितीही आखूड केली तरी ते जाणार नाही, कारण ते दोन किरण एकाच निकेल अणुगर्भातून सुमारे एका पिकोसेकंदाच्या अंतराने निघालेले असतात आणि कोणत्याही चिपला ते दोन असल्याचे कळणे शक्य नाही. तेथे फर्मवेअरचा उपयोग नाही, अंतराचा आहे: स्रोत मागे नेला की पहिली दोन शिखरे ज्या प्रमाणात घटतात त्याच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात तिसरे घटते, आणि तो तक्ता विद्यार्थ्याने आपल्याच फलकावरून, आपल्याच गाळणीने काढावा.